पाच वीत मुकी नळी

उद्यमबाग, बेळगाव
९ जानेवारी २०२६

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जयभीम.

नोव्हेंबरात वर्कशॉपचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तुम्हाला बावीस फोन केले. मोजून बावीस. दरवेळी काकी उचलते आणि म्हणते, "त्येनी भाईर गेल्यात." सकाळी बाहेर, दुपारी बाहेर, जेवायच्या वेळेलासुद्धा बाहेर. सत्तरीतला माणूस निपाणीत एवढा बाहेर जातो तरी कुठं? तुमचा माझ्यावर राग आहे, एवढं मला समजलंय. उद्घाटनाला चहा न पिता निघून गेलात तेव्हाच समजलं होतं. सख्ख्या पुतणीवर कशासाठी, ते मात्र कळलं नाही. पण राग नंतर बघू. आत्ता काम आहे, म्हणून पत्र.

माझ्याकडे एक गाडी आलीय. जर्मन, दोन दारांची, सहा सिलिंडरची, इतकी बुटकी की तिच्यात बसताना आधी वाकून नमस्कार घालावा लागतो. हिंडलग्याच्या डॉ. नागेंद्र यांची. त्यांना एक्झॉस्ट बदलून हवाय. माझी पाटी वाचून आत आले आणि म्हणाले, "सद्दु बेकू, गलाटे ब्याड." म्हणजे आवाज पाहिजे, गोंगाट नको. गल्लीत गाडी गुपचूप यावी आणि कणकुंबीच्या पुढं घाटात तिनं गावं. आप्पा, आजवर मी ट्रॅक्टरची आणि टेम्पोची सायलेन्सरं जोडत आले. अशी गाडी लिफ्टवर घेण्याआधी मी दोनदा साबणानं हात धुतले.

जुना सायलेन्सर काढला. तीन इंची स्टेनलेसचे पाईप स्वतः वाकवले, वेल्डिंगचे टाके असे घातले की बोट फिरवलं तर अडकत नाही. मागं झडप बसवली, गल्लीत बंद, घाटात उघडी. तीन हजारांच्या वर काटा गेला की ती असा काही सूर लावते की अंगावर काटा येतो. पण बावीसशेवर घोटाळा आहे. नेमक्या त्या फेऱ्यांना गाडीच्या आत 'घूं' सुरू होते. बाहेर काही नाही, आत डोकं फुटतं. आणि गोव्याच्या रस्त्यावर गाडी नेमकी तेवढ्यावरच चालते. परवा डॉक्टरांच्या पत्नी माधवीताई जांबोटीला उतरल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या गाडीनं, मी बसनं येते."

पंधरा फेब्रुवारीला डॉक्टर आणि त्यांचे मित्र नऊ गाड्या घेऊन गोव्याला निघणार आहेत. तोवर घूं गेली नाही तर माझं काम काढून जुनाच सायलेन्सर परत बसवायचा, असं माधवीताईंनी सांगितलंय. असं झालं तर उद्यमबागेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळेल. "पोरीनं आपलं ट्रॅक्टरच बघावं" म्हणायला इथं माणसं टपलेलीच आहेत.

तुमचा कान मला पाहिजे, आप्पा. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडावर धरायचा आणि कुठला व्हॉल्व्ह रुसलाय ते सांगायचा. मी तसं करून बघितलं. मला नुसतंच घूं ऐकू येतं. काय करू ते सांगा.

तुमची,
नीलम


निपाणी
१४ जानेवारी

चि. नीलम,
जयभीम.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे, डिग्री मिळाली तरी.

मी रागावलेलो नाही. उद्घाटनाला माणसं फार होती, म्हणून निघालो. फोनचं म्हणशील तर फोनवर यंत्राचं बोलणं होत नाही. यंत्राचं बोलणं कागदावरच नीट होतं. इथून पुढंही लिहूनच विचारत जा.

आता घूं. इंजिन एका ठरावीक वेगाला असा एक धक्का पाठवतं, की तो पाईपात नेमका मावतो आणि आतल्या आत घुमत राहतो. तुम्ही शिकलेले लोक अशा वेळी अजून एक डबा बसवता. डब्यानं सगळाच आवाज मरतो. चांगला आणि वाईट दोन्ही. तुला फक्त वाईट मारायचा आहे.

त्र्याऐंशी साली इथल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं सहा सिलिंडरची परदेशी गाडी होती. तिची हीच रड. मी तिच्या मुख्य पाईपाला बाजूनं एक नळी जोडली आणि तिचं दुसरं तोंड पक्कं बंद केलं. तिच्यातून धूर कुठंच जात नाही. आवाज आत जातो, बंद तोंडाला आपटतो, उलटा परत येतो आणि येणाऱ्या आवाजाला गप्प करतो. व्यापारी म्हणाला, "मिस्त्री, ही नळी करतीया काय?" मी म्हणालो, "काय न्हाय. ही मुकी हाय." तेव्हापासून ती मुकी नळी.

सहा सिलिंडरला लांबी पाच वीत. टेप लावू नको, त्या वेळी मीही लावला नव्हता. बंद तोंडाच्या आत एक सरकता दट्ट्या ठेव, म्हणजे पुढंमागं एकदोन बोटं सरकवून नेमकी जागा सापडेल. ती सापडली की आवाज बसतो. बसला की तुलाच कळेल, कुणाला विचारावं लागणार नाही.

तानीनं तिळाच्या वड्या केल्यात. पोस्टानं त्यांचा भुगा होईल, म्हणून मीच खातोय.

सिद्राम


बेळगाव
२० जानेवारी

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जयभीम.

वड्यांबद्दल काकीला वेगळं पत्र लिहून तक्रार करणार आहे.

मुकी नळी केली. पाच वीत, टेप न लावता, अगदी तुम्ही सांगितलं तशी. दट्ट्याही बसवला. आणि आप्पा, जमलं नाही हो! बावीसशेची घूं जशीच्या तशी आहे. उलट अठ्ठावीसशेला जो गोड सूर लागत होता, तोच गेला. दट्ट्या एकदोन बोटं काय, चार बोटं आत सारून बघितला. पाहिजे तो मेला आणि नको तो जिवंत आहे, म्हणजे उलटंच सगळं. माधवीताई हसल्या, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्र्याऐंशी सालचं माप जरा इकडं तिकडं झालं असेल का? रागावू नका, विचारतेय. तुम्ही स्वतः याच. डॉक्टर निपाणीला गाडी घेऊन यायलाही तयार आहेत. माणूस फार चांगला आहे. गंमत म्हणजे ते कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांच्या कानात डोकावायचं आणि संध्याकाळी गाडीला आवाज मागायचा! तुमचं आणि त्यांचं छान जमेल. कानाबद्दल तुम्हा दोघांना सारखंच कळतं.

कधी पाठवू त्यांना?

नीलम


निपाणी
२४ जानेवारी

नीलम,

तानीनं तुला काय कळवलं?

माझ्या कानाला काहीही झालेलं नाही. कुणी सांगितलं असेल तर खोटं आहे. गाडीचं निमित्त काढून कानाचा डॉक्टर घरी पाठवायचा, ही युक्ती मला समजत नाही असं वाटलं का तुला? चाळीस वर्षं या गावात लोक मला कानवाला मिस्त्री म्हणतात. डॉक्टरची गाडी माझ्या दारात उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत काय म्हणतील?

नळी चुकली म्हणजे माझं माप चुकलं. माप चुकलं म्हणजे माझी आठवण गेली, आणि मग उरलं काय? यापुढं मला विचारू नको. जुना सायलेन्सर बसवून दे.

सिद्राम


निपाणी
२५ तारीक

नीलू बाळ,

म्या तानी काकी लिवतीया. साक्षरता वर्गात शिकल्यालं अक्षर हाय, संबाळून वाच. तिकीट ह्यांच्याच डब्यातलं घेतलंय. ह्यास्नी कळू देऊ नगंस.

तुझी चिठ्ठी आली आन् ह्येनी दोन दीस धड जेवल्यालं न्हाईत. मला म्हणत्यात, तूच सांगितलंस. म्या कुटं सांगितलं? सांगाय पायजे हुतं, त्ये खरं.

दसऱ्यापास्नं ह्यांच्या कानाला दडे बसल्यात बग. आदी वाटलं सर्दी हाय. मग एकदा कुकरच्या बारा शिट्ट्या झाल्या, डाळीचा कोळसा झाला, आन् ह्येनी शेजारीच बसून पेपर वाचत्यात. फोन वाजला की त्येच्या दिव्याकडं बगत्यात नुसतं. मग मीच उचलती आन् तुला लबाड बोलती. लई वाईट वाटतंय गं.

डाक्टरकडं चला म्हटलं तर म्हणत्यात, "मिस्त्रीचा कान गेला म्हणून गावभर व्हईल." दिसभर त्यो स्क्रू डायवर घिऊन बसत्यात. मिक्सरला लावत्यात, नळाला लावत्यात, मूठ कानामागं धरत्यात. म्हणत्यात, "असं ऐकू येतंय." परवा मी काय तरी बोलत हुते, तर त्याचं टोक माझ्या हनुवटीला लावलं आन् म्हणाले, "आता बोल." म्या हसले. मग मोरीत जाऊन रडले.

त्येंचा कान म्हंजे त्येंचा जीव हाय. तू शिकल्याली हाईस. काय तरी कर, पर त्येंचा मान राखून कर.

तानी काकी


बेळगाव
३० जानेवारी

तीर्थरूप आप्पा,
सप्रेम जयभीम.

विचारू नको म्हणालात, तरी विचारतेय. फक्त गाडीचंच. डॉक्टरांना निपाणीला पाठवणार नाही, शब्द देते. ते कानाचे आहेत हे मी सहज लिहिलं होतं, त्यात काही डाव नव्हता.

काल दुपारी ती नळी काढून बाकावर ठेवली आणि तिच्याकडं बघत डबा खाल्ला. मग मनात आलं, पाच वीत खरं, पण कुणाची वीत? मी टेप काढला आणि माझा पंजा ताणून मोजला. सात इंच. पाच वीत म्हणजे पस्तीस इंच झाले. लहानपणी तुमच्या पंजावर माझा पंजा ठेवला की तुमची बोटं वर दोन पेरं शिल्लक राहायची, आठवतं? मोठी झाल्यावर ती पेरं भरून निघाली असतील, असं मी धरून चालले होते. आप्पा, ती नाहीच निघाली. तुमची वीत माझ्या वितीपेक्षा मोठी आहे, एवढी साधी गोष्ट इंजिनिअर बाईच्या डोक्यात आली नाही.

आणि बघा ना, आखूड नळीनं आखूड लाटेचा सूर खाल्ला, अठ्ठावीसशेचा. म्हणजे तुमची युक्ती शंभर टक्के खरी आहे. नळी तुमच्यामुळं चुकलेली नाही, माझ्या हातामुळं चुकलीय. तुमचं माप बरोबर होतं आणि आठवणही बरोबर होती. मागच्या पत्रात मी तुमच्या मापावर शंका घेतली, त्याची मला लाज वाटते.

आता एक काम करा. कागदावर उजवा पंजा पूर्ण ताणून ठेवा आणि पेन्सिलनं त्याच्याभोवती रेघ मारून मला पाठवा. मोबाईलवर फोटो नको, फोटोत माणूस लहानमोठा होतो. मला आहे तेवढा हात हवा.

पंधरा दिवस उरलेत.

तुमची,
नीलम


निपाणी
४ फेब्रुवारी

चि. नीलम,
जयभीम.

सोबत पंजा पाठवत आहे. तानीच्या ब्लाऊज बेतायच्या ब्राऊन पेपरवर काढलाय. हात हलू नये म्हणून तिनं मनगट धरलं आणि रेघही तिनंच मारली. तर्जनी आखूड दिसेल, ती तानीची चूक नाही. ते पेर शहाऐंशी साली फॅनबेल्टनं नेलं. वीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत असते, तिला काही झालेलं नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोरगी म्हाताऱ्याला गोंजारतेय असं वाटलं. मग मी तानीचा हात माझ्या हातावर ठेवून बघितला आणि हसायला आलं.

आता खरं लिहितो. माझ्या डब्यात पोस्टाची पाच तिकिटं होती, आता चार आहेत. तानी पत्र लिहिणार कुणाला? तुलाच. तेव्हा तुला सगळं माहीत आहे आणि तरीही तू फक्त नळीचंच लिहिलंस. हे मी विसरणार नाही.

उद्घाटनाचंही सांगतो. तू भाषण केलंस, त्यातला एक शब्द मला ऐकू आला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीही वाजवल्या. बाहेर आल्यावर एकानं पाठ थोपटली आणि कानाशी ओरडून सांगितलं की पोरीनं तुमचंच नाव घेतलं, तुमच्याकडूनच शिकले म्हणाली. मी स्वतःच्याच नावाला टाळ्या वाजवत होतो, नीलम. मग चहा कसा जाणार घशाखाली?

बारा तारखेच्या बसनं येतो. पण गाडीसाठी. डॉक्टरांनी माझ्या कानात डोकावायचं नाही, हे आधीच ठरवून घे.

सिद्राम


बेळगाव
१३ फेब्रुवारी

प्रिय काकी,
जयभीम.

फोनवर सांगितलं तसं, आप्पा सुखरूप आहेत आणि उद्या येत नाहीत. परवा येतील. का, ते सांगते.

पंजा मिळाल्या दिवशीच मी त्यावर टेप लावला होता. नऊ इंच आणि वर दोन सूत, म्हणजे सव्वानऊ! नळी नव्यानं केली, जवळजवळ चार फुटी. काल आप्पा बसमधून उतरले ते टॉवेलात गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर काखेत मारून. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून माझे टाके बघितले. मग एका टाक्यावर अंगठ्यानं रेघ ओढली. मला तेवढं पुरलं.

डॉक्टर चालवायला, आप्पा शेजारी, आणि मी मागच्या सीटवर. मागची सीट म्हणजे भाजीची पिशवी ठेवायची जागा आहे, हे मला काल कळलं. आप्पांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक सीटखालच्या बोल्टवर टेकवलं, मूठ कानामागं धरली आणि डोळे मिटले. काटा बावीसशेवर आला. मला नुसतं कमी झाल्यासारखं वाटलं. आप्पा म्हणाले, "ऱ्हायलीया अजून. एक बोट आत." जांबोटीला थांबून हातमोजे घालून दट्ट्या सरकवला. "अर्धं बोट भाईर." पुन्हा थांबलो. कणकुंबी जवळ आली, काटा बावीसशेवर होता, आणि काकी, आत काही नव्हतं. खिडकीबाहेरचा वारा ऐकू येत होता. आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "बसला."

पुढं डॉक्टरांनी झडप उघडली आणि घाटात गाडीनं जो सूर लावला, तेव्हा आप्पा लहान पोरासारखे हसत होते. मी मागं बसून रडत होते. सांगू नकोस.

डॉक्टर मात्र सगळा वेळ गाडीऐवजी त्या स्क्रू ड्रायव्हरकडं बघत होते. मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. परत वर्कशॉपला आल्यावर त्यांनी बॅगेतून कान तपासायचा दोन पायांचा लोखंडी काटा काढला, तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि आप्पांना खुणेनं विचारलं, लावू का? आप्पांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. मी खडूनं फरशीवर लिहिलं, "डोकावणार नाहीत, बाहेरूनच." मग त्यांनी काटा आप्पांच्या कानासमोर धरला, काही नाही. कानामागच्या हाडावर टेकवला आणि आप्पा दचकलेच. "ही तर माजी युक्ती हाय! तुमास्नी कुणी शिकवली?"

तर डॉक्टरांनी काय करावं? आप्पांचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक स्वतःच्या हनुवटीला लावलं, मूठ आप्पांच्या हाडावर धरली आणि बोलले. "मिस्त्री, आतली नस चांगली आहे. वाट बंद झालीय, एवढंच." काकी, हनुवटीचा मान आता तुझ्या एकटीचा राहिला नाही.

आप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे इंजिन ठीक हाय. सायलेन्सर चोक झालाय." डॉक्टर म्हणाले, अगदी तेच. "मग साफ करा की," आप्पा म्हणाले, "बसलाय कशाला?"

आज सकाळी उजवा कान साफ झाला. चाळीस वर्षांची वर्कशॉपची धूळ, मळ आणि तुझं खोबरेल तेल, सगळं मिळून दगड झाला होता. डाव्या कानाचा पडदा फाटलाय, त्याला बारीक मशीन लागेल. ते उद्या बसतंय. उजवा कान उघडल्यावर आप्पांनी पहिलं वाक्य काय बोलावं? "डाक्टर, तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय."

तुझी,
नीलम


निपाणी
२ मार्च

चि. नीलम,
जयभीम.

काल तुझा फोन तानीच्या आधी मी उचलला, म्हणून ती अजून फुगून आहे. बावीस वेळा लबाड बोलायला मी आणि खरं बोलायची पाळी आली की हे, असं म्हणते. नऊ गाड्यांत माधवीताई तेवढ्या गोव्यापर्यंत झोपून गेल्या, हे तू सांगितलंस ते मी तिला दोनदा ऐकवलं. एकदा माझ्यासाठी.

तू माझा पंजा पत्र्यात कापून भिंतीवर लावलास म्हणे. लाव. पण त्याला हार घालू नको, मी अजून आहे.

ऐकू यायला लागल्यापासून घरात फार गोंगाट आहे. मिक्सर तर मी साफ विसरलो होतो. डाव्या कानातलं मशीन शिट्टी मारतं, तेव्हा तानी कुकरकडं धावते. रात्री मशीन काढून ठेवतो, आणि मग तानीचं घोरणं एकाच कानानं ऐकतो. बरं वाटतं.

आता फोन लागतो, तरी पत्र का, तर कामच तसं आहे. इथला ओमकार नावाचा पोरगा काल दारात आला. डॉक्टरांच्या गाडीची कीर्ती त्याच्यापर्यंत पोचलीय. त्याची गाडी चार सिलिंडरची, त्यानंच वाढवून वाढवून घोड्यासारखी केलेली. तिलाही घूं आहे, पण बारीक, चार हजारांच्या पुढची. मी हाडावर स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकली, मग नुसत्या कानानं ऐकली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. मुकी नळीच लागणार आणि पाच वीतच लागणार, पण माझ्या हातानं ती लांब पडते. तुझी ती चुकलेली पस्तीस इंची नळी इथं नेमकी बसेल.

टेपनं पस्तीस इंच मलाही मोजता येतात. पण मी आयुष्यात टेप लावला नाही, आता कशाला लावू?

तेव्हा ब्राऊन पेपर घे, उजवा हात पूर्ण ताणून ठेव, भोवती रेघ मार आणि मला पाठव. हे माप मी तुझ्या वितीनं घेणार आहे.

सिद्राम